यकृतरक्षक वनस्पती : उपयोग आणि मर्यादा

खरिपाची निंदणी करताना भुईआवळा हाती आला नाही, असा शेतकरी विरळा. कावीळ झाली की त्याचा रस द्यावा, ही रीत खेड्यापाड्यांतून जुनी आहे. अलीकडे मात्र दौऱ्यावर असता शेतकरी बंधू निराळाच प्रश्न विचारतात. क्षयाच्या गोळ्यांनी यकृत बिघडते म्हणतात. मग गोळ्यांऐवजी किंवा त्यांच्या जोडीने हा रस घ्यावा काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

औषधाने यकृतास इजा कशी होते?

पोटात घेतलेल्या बहुतेक औषधांचे रूपांतर यकृतात होते. त्या वेळी काही अपायकारक द्रव्येही तयार होतात. तापावरील पॅरासिटामॉलचा थोडा भाग अशा विषारी द्रव्यात बदलतो आणि यकृतातील ग्लुटाथायोन हा पदार्थ त्यास निष्प्रभ करतो. मात्रा फार झाली म्हणजे हा साठा संपतो व यकृताच्या पेशी मरू लागतात. म्हणून प्रौढ माणसाने दिवसभरात ४ ग्रॅमहून, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांहून अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये. दारू पिणाऱ्यास त्याहून कमी मात्राही बाधू शकते. क्षयावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधेही काही रुग्णांच्या यकृतास इजा करतात.

प्रयोगांत काय आढळले?

भुईआवळा, कालमेघ व हिमालयातील कुटकी यांच्या अर्कांवर पुष्कळ प्रयोग झालेले आहेत. उंदरांना काही दिवस अर्क पाजून नंतर पॅरासिटामॉलची जबर मात्रा देतात. यकृताच्या पेशी मेल्या की त्यांतील विकरे रक्तात उतरतात. ती मोजून इजेचा अंदाज येतो. अर्क घेतलेल्या उंदरांत ही विकरे कमी आढळली. ही गोष्ट आशादायक खरी; परंतु तेथे अर्क विषाच्या आधीपासून, वजनाप्रमाणे मोजून आणि ओळख पटविलेल्या वनस्पतीचा दिलेला असतो. घरी वाटलेल्या रसाविषयी अशी खात्री देता येत नाही. माणसांवरील भक्कम चाचण्याही थोड्याच आहेत.

शिवाय वनस्पती म्हणजे निर्धोक, असे समजणे चूक होय. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद डॉक्टरांनी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. यावरून वनस्पतीची अचूक ओळख किती महत्त्वाची आहे, हे ध्यानी येईल.

भुईआवळा गोळा करताना

खऱ्या भुईआवळ्याची फळे गुळगुळीत असून बारीक देठाने पानांच्या खालच्या बाजूस ओळीने लोंबतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका जातीची फळे बिनदेठाची व खरबरीत असतात. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. कीटकनाशक वा तणनाशक फवारलेल्या शेतातील झाडे मुळीच घेऊ नयेत. काढलेला माल धुऊन सावलीत वाळवावा.

ग्राम-कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

१. वनस्पतीच्या भरवशावर क्षयाचा औषधोपचार कोणीही सोडू नये. अर्धवट उपचाराने रोग उलटतो व जंतू औषधांस दाद देईनासे होतात.

२. भूक मंदावणे, ओकाऱ्या, गडद लघवी किंवा डोळे पिवळे होणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध थांबवावे की बदलावे, हे डॉक्टरच ठरवतील.

३. काढा किंवा रस घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

४. पॅरासिटामॉल अधिक पोटात गेल्यास रस पाजण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. त्यावरील अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा जितक्या लवकर मिळेल तितका गुणकारी ठरतो.

भुईआवळ्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तो काळजीपूर्वक पिकवावा व शुद्ध स्वरूपात विकावा. पण त्याचा औषध म्हणून उपयोग जाणकार वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.