कुलवृत्तांतातील कोरी जागा

आमच्या माटुंग्याच्या बिऱ्हाडी काचेच्या कपाटात घराण्याचा कुलवृत्तांत जपून ठेविलेला आहे. मूळ पुरुष कोकणातून केव्हा निघाला, कोणास कोणते इनाम मिळाले, कोण कोणत्या साली पदवीधर झाला, हे सारे त्यात तपशिलाने सापडते. मुलींच्या वाट्यास मात्र प्रत्येकी एकच ओळ: नाव, सासरचे नाव व गाव. या ग्रंथाची अपूर्णता आम्हांस गेल्या वर्षी प्रथम जाणवली, तीही माटुंग्याहून दोनच स्टेशनांवर असलेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात.

आमच्या एका चुलतभगिनीस एक्केचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. तेथील आनुवंशिक कर्करोगाच्या विभागात रक्त घेण्यापूर्वी आईकडील व वडिलांकडील तीन पिढ्यांची वंशावळ मांडण्यात आली. कोणास कोणता कर्करोग, कितव्या वर्षी? इनामे आम्हांस मुखोद्गत. या प्रश्नास मात्र उत्तर नाही! मिरजेस दिलेल्या आत्याबाई ऐन चाळिशीत ‘पोटात पाणी होऊन’ गेल्या, एवढेच ऐकून ठाऊक होते. ते सांगताच डॉक्टरीणबाईंनी त्या नावाभोवती खूण केली. अंडाशयाचा कर्करोग पुष्कळदा पोटात पाणी भरूनच प्रकट होतो.

याच परळात डॉ. कमल रणदिवे यांनी आयुष्यभर संशोधन केले. पुण्याच्या हुजूरपागेतील ही विद्यार्थिनी. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध शोधणाऱ्यांत त्या आरंभीच्या होत. पुढे १९९४ साली बी. आर. सी. ए. १ व १९९५ साली बी. आर. सी. ए. २ ही जनुके हाती लागली. शंभर कर्करोगांपैकी सुमारे पाच ते दहाच अशा वारशाने येतात, तेव्हा घरात एकास झाला म्हणून सर्वांनी घाबरण्याचे कारण नाही. परंतु सदर जनुकांत दोष असलेल्या स्त्रीस स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव आयुष्यभरात शेकडा सत्तरच्या घरात जातो. हा दोष प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, निम्म्या संभवाने मिळतो. बाप धडधाकट राहूनही तो लेकीस देऊ शकतो, हे आमच्या घरी कोणाच्या ध्यानीही नव्हते.

आमच्या भगिनीच्या रक्तात दोष सापडला आणि घरात खरा वाद माजला. थोरल्या काकू म्हणाल्या, “दोन मुली लग्नाच्या आहेत. हे चार भिंतींबाहेर गेले तर स्थळ कोण आणील?” काकूंची भीती खोटी नव्हे, पत्रिकेत मंगळ निघाला तरी पाठ फिरविणारे लोक आपण पाहतोच. दवंडी पिटावी असे आम्हीही म्हणत नाही. परंतु ज्या मुलीच्या देहाचा हा प्रश्न, तिच्यापासूनच तो लपविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पंचविशीपासून दरसाल चुंबकीय प्रतिमेने तपासणी करिता येते. मुलेबाळे झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास, अंडाशय काढून टाकण्याचाही विचार करिता येतो. तपासणी करावी की नाही, हे मात्र सज्ञान झाल्यावर तिचे तिनेच ठरवावे. चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशक सविस्तर बोलतात. त्या वेळी सोबत एखादे वडीलधारे माणूस असलेले बरे.

आधी रक्त द्यावयाचे ते रोग झालेल्या माणसाचे. तेथे दोष सापडला म्हणजे इतर आप्तांचा नेमका तेवढाच भाग पाहावा लागतो, व खर्चही पुष्कळ कमी येतो. बाहेरगावचे आप्त उपचारासाठी आले व घरी जागा नसली, तर दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवासदन आहे.

अखेर काकूंनीच मिरजेस पत्र घातले. उत्तर आले ते विलक्षण: आत्याबाईंच्या धाकट्या नणंदेने रुग्णालयाचा जुना कागद देवघरातील पेटीत जपून ठेविला होता. तो आम्ही कुलवृत्तांताच्या त्याच पानात ठेविला आहे. काकांचे रक्त सोमवारी घेणार आहेत, आमचे त्यानंतर.