मोटारसायकलस्वारावर होणारे वाऱ्याचे आघात : नांदेड–लातूर मार्गाच्या संदर्भात

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या गावांवरून लातूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ गोदावरीचे खोरे सोडून बालाघाटच्या पठारावर चढतो. अशा उघड्या माळावरून लांबचा प्रवास करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला होणाऱ्या त्रासाचे स्वरूप पुष्कळदा चुकीचे समजले जाते. वारा फार लागतो, म्हणून पुढे मोठी काच बसवावी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काच बसविल्यावर छातीवरील वारा कमी होतो आणि डोके मात्र पूर्वीपेक्षा अधिक हादरू लागते, असाही अनुभव येतो. याचे कारण असे की, वाऱ्याचा स्थिर दाब व त्या दाबातील जलद चढउतार या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याशी मान जुळवून घेते. दुसऱ्याशी तिला जुळवून घेता येत नाही.

काचेच्या कडेवरून निसटणारी वेगवान हवा आणि काचेमागील जवळजवळ स्थिर हवा यांच्या सीमेवर एक पातळ थर निर्माण होतो. हा थर अस्थिर असल्याने त्याची गुंडाळी होऊन भोवरे बनतात. भोवरे सुटण्याची वारंवारता वेगाच्या सम व अडथळ्याच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते; स्ट्रौहाल या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तारांवरील प्रयोगांतून हा संबंध दाखविला. सपाट पट्टीसाठी त्यातील गुणांक सुमारे ०.१५ धरल्यास, ताशी ८० किलोमीटर वेगाला ४० सेंटिमीटर रुंदीच्या काचेमागे सेकंदाला सुमारे ८ आघात होतील. हा केवळ ढोबळ अंदाज होय. स्वाराच्या शरीरामुळे प्रत्यक्ष प्रवाह अधिक गुंतागुंतीचा असतो. या आघातांनी मान आखडते व दृष्टी अस्पष्ट होते. शिवाय ताशी १०० किलोमीटर वेगाला शिरस्त्राणातील आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. तो दीर्घकाळ सोसल्यास श्रवणशक्तीस अपाय होतो. म्हणजे हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही.

वाऱ्याची दिशाही लक्षात घेतली पाहिजे. लातूर हे नांदेडच्या नैर्ऋत्येस आहे आणि पावसाळ्यात वारे मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून वाहतात. ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला ताशी २० किलोमीटरचा वारा लातूरकडे जाताना समोरून व परतताना पाठीमागून मिळाला, तर त्याच्या दृष्टीने हवेचा वेग अनुक्रमे ९० व ५० किलोमीटर होईल. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे ३४४ व १०६ पास्कल येतो, म्हणजे जाताना तिपटीहून अधिक. म्हणून एकाच दिशेच्या प्रवासावरून काचेची पारख करणे योग्य नव्हे.

उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, काच आखूड करून डोके स्वच्छ प्रवाहात आणणे. यात दाब वाढतो, पण तो स्थिर असतो. दुसरा, काच उंच करून भोवऱ्यांचा थर शिरस्त्राणावरून जाऊ देणे. मात्र रस्ता काचेतून नव्हे, तर तिच्या कडेवरून दिसला पाहिजे, अन्यथा पाऊस व धूळ दृष्टीआड येतात. तिसरा उपाय बहुधा दुर्लक्षित राहतो : काचेच्या तळाशी फट ठेवून थोडी हवा मागे येऊ देणे. त्यामुळे काचेमागील कमी दाब भरून निघतो, दोन्ही बाजूंच्या वेगांतील तफावत घटते आणि भोवरे मूळातच दुर्बल होतात. बजाज ऑटोने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० या गाडीला उंच काच दिली. परंतु कारखान्यातून येणारी कोणतीही काच सर्व उंचीच्या स्वारांना सारखीच सोयीची होणे शक्य नाही.

कोणता उपाय योजावा हे ठरविण्यास साधी चाचणी पुरते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना स्वाराने डोके किंचित उंचवावे, मग किंचित खाली घ्यावे. उंचावल्याने आघात थांबत असतील तर काच आखूड हवी; खाली घेतल्याने थांबत असतील तर ती उंच हवी. दोन्हींनी फरक पडत नसेल, तर तळाची फट अथवा टाकीच्या बाजूंनी वर येणारी हवा तपासावी. काचेच्या कडेवर लोकरीचे आखूड धागे चिकटवून त्यांचे चित्रण केल्यास संक्षोभी प्रवाह कोठे सुरू होतो हेही दिसते. मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक चाचणी दोन्ही दिशांनी घ्यावी.

मालमोटारी व उसाच्या ट्रॉल्या यांच्या मागे उठणारे भोवरे मात्र कोणत्याही काचेने टळत नाहीत. तेथे पुरेसे अंतर राखणे हाच उपाय होय.