चिलापीची विरळणी, मरळीची राखण



आश्विन सरत आला की आपल्या बीदर-कलबुर्गीच्या भागात शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. उडीद-मूग घरात आलेले असतात, सोयाबीनची रास झालेली असते. ज्वारी-हरभऱ्याची पेरणी एकदा उरकली की तूर शेंगेवर येईपर्यंत चार दिवस सवडीचे असतात. याच दिवसांत तळी भरलेली असतात, पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसतो आणि कडेचे पाणी निवळते. मग भालकीकडे कारंजाच्या काठी काय, आळंदकडे अमरजाच्या काठी काय, बांबूची काठी आणि गळ घेतलेली पोरे संध्याकाळी बसलेली दिसतात.

पुष्कळ घरांत याला रिकामटेकडा उद्योग म्हणतात. तो तसा असेलच असे नाही. कोणता मासा धरावा, कोणता सोडावा आणि धरलेला कसा खावा, हे समजून केले तर त्यात तळ्याचेही हित आहे व घरातल्या लेकराबाळांचेही. या वेळी या पानावर तोच विचार करू.

तव्यावर मावणारे मासे

अमेरिकेत लहान तळ्यांतल्या हातभर न वाढणाऱ्या, पण पुष्कळ होणाऱ्या माशांना ‘तव्याचे मासे’ अशा अर्थाचे एक नाव आहे. अख्खा मासा तव्यावर मावतो म्हणून ते नाव पडले. आपल्याकडे हे नाव शोभेल अशी चिलापी, म्हणजे तिलापिया.

चिलापी मूळची आपली नव्हे. ती पूर्व आफ्रिकेतली. १९५२ साली बँकॉकहून ती भारतात आणली गेली आणि पुढे दक्षिणेतल्या तळ्यांत व धरणांत पसरली. आपल्या भीमेवरच, वर सोलापूर जिल्ह्यात असलेल्या उजनी धरणात चिलापीने केवढी जागा घेतली आहे, हे तिकडच्या कोळ्यांना विचारावे.

ती एवढी वाढते कशी? नर उथळ पाण्यात चिखलात ताटलीएवढा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. अंडी तोंडातच उबतात. पिल्ले बाहेर आल्यावरही धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. त्यामुळे फार पिल्ले वाचतात. शिवाय चिलापी दोन-तीन महिन्यांची झाली की तीही अंडी घालू लागते.

याचा परिणाम शेतकऱ्याला सांगायला नको. ज्वारी दाट पेरली आणि विरळणी केली नाही तर काय होते? ताटे बारीक राहतात, कणीस भरत नाही. तळ्यातही तसेच होते. तोंडे वाढतात, चारा तेवढाच राहतो. मग तळे बोटभर चिलापीने भरते आणि तळहाताएवढी चिलापी दिसेनाशी होते. म्हणून लहान चिलापी गळाने धरून खाणे म्हणजे तळ्याची विरळणीच होय. ती धरताना मनात संकोच ठेवू नये.

मरळ मात्र राखावी

मरळीची गोष्ट वेगळी आहे. मरळ ही आपल्या मातीतली. ती वर येऊन हवा घेते, म्हणून कमी पाण्यातही तगते. बाजारात तिला चांगला भाव मिळतो. तिची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते, पण पाणी टिकले तर पावसाळा सरतानाही पिल्ले दिसतात. काठच्या गवतात ती घरटे करते आणि बाप त्याची राखण करतो. पुढे शेंदरी-तांबड्या पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि मोठा मासा त्याच्या खालीच असतो. जवळ आलेल्या बेडकावरसुद्धा तो धावून जातो.

आणि नेमका म्हणूनच तो गळाला सहज लागतो. जिवंत बेडूक लावलेला गळ त्या थव्यात टाकला की मरळ भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या काळजीने झडप घालते. धरणाऱ्याला एक मासा मिळतो आणि राखण गेलेली शेकडो पिल्ले इतरांच्या तोंडी जातात.

मरळ मासे खाणारी आहे. लहान चिलापी तिचे आवडते खाद्य आहे. मत्स्यशेतीत चिलापीची बेसुमार पिल्ले आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम मरळ सोडतात. म्हणजे जी विरळणी आपण काठी घेऊन करतो, ती मरळ बारा महिने फुकट करते. तिला मारून आपण तळ्याचा राखणदार मारतो. पिल्लांच्या थव्याजवळ गळ टाकू नये, हा नियम प्रत्येक घराने आपल्या मुलांना शिकवावा. चुकून मरळ लागली तर हात ओले करून ती धरावी, गळ अलगद काढावा, निघत नसेल तर दोरी तोंडाजवळ कापून तिला सोडून द्यावे. मच्छरदाणीचे जाळे करून काठचे पाणी गाळणे तर सर्वांत वाईट. त्यात सगळ्याच जातींची पिल्ले जातात.

काठी, गळ आणि पीस

खर्च फार नाही. आठ-दहा फुटांची हलकी बांबूची काठी, तिच्याएवढीच लांब बारीक नायलॉनची दोरी आणि लहान गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान असतो. आपल्याला दहा ते चौदा नंबरचा पुरे. तरंगायला वाळलेल्या ज्वारीच्या धाटाचा तुकडा चालतो. चिलापीसाठी गांडुळाचा तुकडा किंवा कणकेची घट्ट गोळी लावावी आणि ती तळापासून वीतभर वर राहील अशी सोडावी.

खवलीसारखे लहान मासे पाण्यावर पडणारे किडेही खातात. या दिवसांत बांधावरच्या गवतात नाकतोडे पुष्कळ असतात. वारा आपल्या पाठीशी ठेवून उभे राहावे आणि गळाला लावलेला लहान नाकतोडा पाण्यावर नुसता टेकवावा. परदेशात हेच काम पिसांच्या खोट्या माशीने करतात. कोंबड्याच्या मानेचे बारीक पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधले की पिसाचे केस किड्याच्या पायांसारखे उभे राहतात. माशी वजनाने हलकी असते, म्हणून तिकडे जड दोरी हवेत झुलवून ती लांब टाकतात. जपानच्या डोंगराळ भागात मात्र चक्री नसलेली लांब काठी, टोकाला बांधलेली दोरी आणि पिसाची माशी एवढ्यावरच मासे धरायची जुनी रीत आहे. तिला ‘तेनकारा’ म्हणतात. आपल्या बांबूच्या काठीला हीच रीत जमते.

भारतातल्या तळ्यांतल्या गळमासेमारीवर हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या मद्रास इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८७ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याआधी १८७३ साली त्याचे भारतातल्या मासेमारीवरचे मोठे पुस्तक आपल्याच कर्नाटकातल्या मंगळूरला निघाले होते. साहेबाला जे अभ्यासाचे वाटले, ते आपण रिकामपणाचे समजू नये.

वेळेचे भान ठेवावे. ऑक्टोबरच्या उन्हात पहाट आणि दिवस मावळण्याआधीचा तास चांगला. नोव्हेंबरात रात्री गार होऊ लागल्या की चिलापी सकाळी सुस्त असते. तेव्हा नऊनंतर, उथळ पाणी उन्हाने कोमट झाल्यावर बसावे. पाण्यात बुडालेली बाभळीची खोडे, गवताची कड आणि चिखलातले गोल खळगे दिसतील तिथे मासा आहे असे समजावे.

काळ्या मातीच्या काठाला पाय रुततात, म्हणून लहान मुलांना एकटे पाठवू नये. विजेच्या तारेखाली काठी उभी धरू नये. तुटलेली दोरी तिथेच टाकू नये, तिच्यात पाखरांचे पाय अडकतात.

पेत्राचा गळ

शुभवर्तमानात मासेमारीच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्या बहुतेक जाळ्याच्या आहेत. गळाची कथा एकच, संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर द्यायचा असतो, तेव्हा प्रभू येशू पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकायला सांगतो. पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे मिळेल आणि त्यातून दोघांचा कर फिटेल, असे तो म्हणतो. गालील सरोवराच्या काठी आज यात्रेकरूंना ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून वाढतात तो चिलापीचाच भाऊबंद आहे. तो बहुतेक पाण्यातली बारीक शेवाळे खातो आणि गळाला क्वचितच लागतो. म्हणून पेत्राच्या गळाला लागलेला मासा दुसऱ्या जातीचा असावा, असे काही जाणकारांचे मत आहे. ते काहीही असो, त्या कथेत मासा धरला तो देणे फेडण्यासाठी, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्यावरही एक देणे आहे. बहुतेक तळ्यांचा मासेमारीचा हक्क मत्स्यसोसायटीकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्यांनी पैसे घालून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडलेले असते. तो मासा त्यांच्या घामाचा आहे. आधी विचारावे, परवानगी मिळाली तरच बसावे आणि सोडलेल्या जातीचा मासा लागला तर परत सोडावा. दुसऱ्याच्या शेतातले कणीस आपण मोडत नाही, तसेच हे. चिंचोलीच्या अभयारण्यात तर गळ घेऊन जाऊच नये.

ताटातला मासा

आपल्या भागात स्त्रिया व मुलांत रक्तक्षय फार आहे. भाकरी आणि डाळीत लोह असते, पण ते शरीराला पुरते लागत नाही. त्याच ताटात थोडा मासा असेल तर डाळ-भाकरीतले लोहही अधिक अंगी लागते. ब१२ हे जीवनसत्त्व धान्यात नसते, ते माशातून मिळते.

बोटभर मासे डोके-काट्यांसह खाल्ले तर हाडांना लागणारा चुनाही मिळतो. बांगलादेशात मोला नावाच्या चिमुकल्या माशावर शकुंतला थिलस्टेड या विदुषींनी संशोधन केले. त्या मुलांच्या डोळ्यांना लागणारे ‘अ’ जीवनसत्त्व पुष्कळ असते आणि ते बरेचसे डोक्यात व डोळ्यांत असते. डोके फेकले की तेही गेले. या कामासाठी त्यांना २०२१ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कडक उन्हात मासे वाळवले तर हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, म्हणून लहान मासे ताजेच खावेत.

बारीक मासे पोट साफ करून लसूण, हळद, चिंच घालून मऊ शिजवावेत. तळहाताएवढ्या चिलापीचे काटे कडक असतात. ती तव्यावर भाजावी आणि मुलांना काटे काढून द्यावी. मासा धरल्याबरोबर ओल्या गोणपाटात सावलीत ठेवावा. ऑक्टोबरच्या उन्हात तो थोड्याच तासांत नासतो. कल्ले लाल आणि डोळे चकचकीत असतील तोच घ्यावा. मरून तरंगणारा मासा कधीही घरी आणू नये.

हे शेवटचे विशेष सांगतो, कारण तुरीवर अळीसाठी फवारणी याच दिवसांत होते. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. पंप, बादली, औषधाचा डबा तळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नये. धुतलेले पाणी आपल्याच शेतात, पाण्यापासून दूर ओतावे. एका पंपाच्या धुण्याने काठची पिल्ले मेली, तर मग मरळही नाही आणि चिलापीही नाही.

तेव्हा या सवडीत काठी जरूर घ्या, मुलांनाही बरोबर न्या. पाणी कसे पाहावे, कोणाला विचारावे आणि हाती आलेले कधी सोडून द्यावे, हे तिथे बसल्या बसल्या त्यांना शिकवता येईल. चिलापी तव्यावर येऊ द्या आणि मरळ तळ्यात राहू द्या. पुढच्या आश्विनात दोन्ही भेटतील.