राखेंतील निखारा

हिवाळ्याच्या आरंभीं सायंकाळीं उत्तरेकडे पाहिल्यास शर्मिष्ठा नांवाचा पांच ठळक ताऱ्यांचा समूह दिसतो. त्याच्या परिसरांत दोन ताऱ्यांची राख पसरलेली आहे. नुसत्या डोळ्यांस मात्र ती दिसत नाहीं. एका राखेंत निखारा सांपडला, दुसरींत सांपडला नाहीं. असें कां व्हावें, हें समजून घेण्याजोगें आहे.

सूर्याच्या सुमारें आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचें इंधन संपलें म्हणजे त्याचा गाभा स्वतःच्याच भारानें आंत कोसळतो व बाहेरील थर प्रचंड स्फोटानें उधळले जातात. ह्या स्फोटास अतिनवतारा म्हणतात, आणि उधळलेला तप्त वायु हा त्याचा अवशेष होय. पण गाभ्याचें काय होतें? १९३४ सालीं बाडे व झ्विकी ह्या ज्योतिर्विदांनीं असें सुचविलें कीं, त्याचा मुख्यतः न्यूट्रॉन कणांनीं बनलेला तारा होत असावा. असा तारा सूर्याहून जड, परंतु व्यासानें अवघा सुमारें २० किलोमीटर असतो.

१०५४ सालीं चीनमधील ज्योतिषांनीं वृषभ राशींत जो स्फोट पाहिला, त्याच्या अवशेषांत १९६८ सालीं असा तारा मिळाला. तो सेकंदास सुमारें ३० वेळां स्वतःभोंवतीं फिरतो व त्याचे रेडिओ-ठोके नियमितपणें ऐकूं येतात. तथापि दीपगृहाचा झोत ज्या गलबताकडे वळत नाहीं, त्यास दीप असूनहि दिसत नाहीं. तद्वत् कित्येक न्यूट्रॉन ताऱ्यांचे ठोके आपणांकडे पोंचतच नाहींत.

अशा मूक ताऱ्यास त्याची उष्णता उघडें करिते. तापविलेलें लोखंड आधीं तांबडें व मग पांढरें होतें. लक्षावधि अंश तापलेला हा तारा क्ष-किरण टाकितो. हे किरण वातावरणांत शोषले जातात, म्हणून दुर्बीण अंतराळांत धाडावी लागते. २३ जुलै १९९९ रोजीं अमेरिकेनें अशी एक दुर्बीण सोडली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, विलायतेच्या प्रवासांत बोटीवर ताऱ्यांच्या अंताचें गणित मांडणाऱ्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ह्यांच्या नांवावरून तिला 'चंद्रा' हें नांव दिलें आहे. ऑगस्टमध्यें तिनें शर्मिष्ठेंतील सुमारें ११,००० प्रकाशवर्षें दूरच्या अवशेषाचें चित्र पाठविलें. त्याच्या मध्याजवळ एक तेजस्वी ठिपका होता. तोच आपला निखारा!

तथापि प्रत्येक ठिपका न्यूट्रॉन तारा नसतो. साधे तारे व दूरच्या दीर्घिकाहि क्ष-किरण टाकितात. परंतु त्या दृश्य प्रकाशांतहि दिसतात. म्हणून त्याच जागेचें साध्या प्रकाशांतील चित्र ताडून पाहतात. क्ष-किरणांत ठळक, पण दृश्य प्रकाशांत जवळजवळ अदृश्य, असा ठिपका असेल तरच संशय बळावतो. शिवाय स्फोटाच्या धक्क्यानें तारा सेकंदास शेंकडों किलोमीटर वेगानें फेंकला जाऊं शकतो. यास्तव केवळ मध्यभाग शोधून भागत नाहीं.

आतां दुसऱ्या राखेकडे वळूं. ट्यूको ब्राहे ह्यानें १५७२ सालीं पाहिलेल्या स्फोटाचा हा अवशेष. येथें निखारा मिळाला नाहीं, व मिळावा अशी अपेक्षाहि नाहीं. कारण तेथें कोसळला तो गाभा नव्हे, तर श्वेत बटु नांवाचा लहान दाट तारा समूळ फुटून गेला. परंतु जेथें मोठाच तारा फुटला असावा, अशाहि कांहीं अवशेषांत शोध रिकामा गेला आहे. तेथें न्यूट्रॉन तारा अपेक्षेहून लवकर थंड झाला असेल, किंवा गाभ्याचें कृष्णविवर झालें असेल. तो किती लवकर निवतो, ह्यावरून त्याच्या पोटांतील द्रव्य कसें आहे, ह्याचें अनुमान करितां येतें. आणि तसलें द्रव्य पृथ्वीवरील कोणत्याहि प्रयोगशाळेंत सांठवून ठेवतां येत नाहीं.

म्हणून काळजीपूर्वक शोधूनहि कांहीं न सांपडणें, हें व्यर्थ श्रम नव्हेत. शास्त्रांत 'येथें नाहीं' हेंहि एक उत्तरच असतें. मात्र तें देणाऱ्यानें आधीं कसून पाहिलेलें असावें लागतें.