क्षीरकाकोली : नाव एक, द्रव्ये अनेक

अष्टवर्गातील क्षीरकाकोली हे द्रव्य आपल्या पाठांत वारंवार येते. चरकाचार्यांनी जीवनीय, बृंहणीय व शुक्रजनन या महाकषायांत तिची गणना केली आहे. सुश्रुताचार्यांच्या काकोल्यादि गणातही ती आहे. परंतु काष्ठौषधींच्या बाजारातून या नावाने जे आपल्या हाती येते ते नेमके काय असते, याचा विचार वैद्य व औषधनिर्माते या दोघांनीही करणे अगत्याचे झाले आहे.

द्रव्यपरिचय

क्षीरकाकोली म्हणून आज प्रामुख्याने दोन हिमालयीन कंदवनस्पती मानल्या जातात. पहिली लिलियम पॉलिफायलम. ही पांढऱ्या, सुगंधी फुलांची लिली असून तिच्या कंदावर अरुंद, मांसल शल्के एकावर एक रचलेली असतात. दुसरी फ्रिटिलारिया रॉयली व तिची निकटवर्ती फ्रिटिलारिया सिऱ्होसा. बर्फ वितळल्यावर उंच कुरणांत उगवणाऱ्या या वनस्पतीस खाली झुकलेले, घंटेसारखे, पिवळसर हिरवे व जांभळ्या चौकड्यांचे फूल येते. हिचा कंद मात्र दोन-तीन जाड शल्कांचा, लसणीच्या पाकळ्यांसारखा दिसतो. हिमाचलात तिला ‘जंगली लहसुन’ म्हणतात ते यामुळेच. अखंड कंद पाहावयास मिळाल्यास शल्कांच्या संख्येवरून दोन्ही वेगळे ओळखता येतात. चूर्ण झाल्यावर मात्र साध्या डोळ्यांना हा भेद कळत नाही.

भावमिश्रांनी क्षीरकाकोलीचे मूळ शतावरीसारखे, सुगंधी व क्षीरयुक्त सांगितले आहे. उपरोक्त दोहोंपैकी कोणाच्याही कंदातून रुईसारखा चीक स्रवत नाही. शिवाय फ्रिटिलारियाच्या कंदात पेइमिनसारखी स्टेरॉइडवर्गीय अल्कलॉइडे आढळतात आणि चिनी वैद्यकात ‘चुआन बेइ मू’ या नावाने तो कासघ्न व कफनिःसारक म्हणून प्रसिद्ध आहे. मधुर, शीत, बृंहण अशा जीवनीय द्रव्याशी त्याचे एकरूपत्व गृहीत धरणे आम्हास धाडसाचे वाटते.

दुर्मीळतेचे कारण

बीजापासून फूल येईपर्यंत या वनस्पतीस अनेक वर्षे लागतात. हंगाम संपताच तिचा जमिनीवरील भाग सुकून नाहीसा होतो. त्यामुळे खोदणाऱ्यास ती फुलाफळांवर असतानाच सापडते, आणि बी पडण्यापूर्वीच कंद उपटला जातो. कंद इतका लहान की किलोभर सुक्या मालासाठी हजारो रोपे जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत लिलियम पॉलिफायलम अत्यंत संकटग्रस्त वर्गात आहे. फ्रिटिलारिया सिऱ्होसा असुरक्षित वर्गात समाविष्ट झाल्याचे डिसेंबर 2022 मध्ये जाहीर झाले. 22 ते 26 वर्षांच्या काळात तिची संख्या किमान 30 टक्क्यांनी घटली असावी, असा तेथील निष्कर्ष आहे.

प्रतिनिधी द्रव्याचा विचार

अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ आहे, असे भावमिश्रांनी सोळाव्या शतकातच नमूद करून प्रतिनिधी द्रव्ये सांगून ठेवली : मेदा-महामेदासाठी शतावरी, जीवक-ऋषभकासाठी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीसाठी अश्वगंधा व ऋद्धी-वृद्धीसाठी वाराही. ही तडजोड नव्हे, शास्त्राज्ञाच आहे.

मात्र ती अमलात आणताना मानाकडे लक्ष हवे. अष्टांगहृदयातील फलघृताचे उदाहरण घ्यावे. त्यात मेदा, पयस्या व काकोली यांबरोबर अश्वगंधा व शतावरीही आहेत, आणि प्रत्येक कल्कद्रव्य एक अक्ष, म्हणजे 1 कर्ष सांगितले आहे. पयस्या म्हणजे क्षीरकाकोली हा अर्थ घेऊन प्रतिनिधी योजल्यास अश्वगंधा 3 कर्ष व शतावरी 2 कर्ष होते. कर्षाचे प्रचलित मान 12 ग्रॅम धरल्यास अश्वगंधा 36 ग्रॅम व शतावरी 24 ग्रॅम. एका योगात द्रव्य पुन्हा उक्त झाल्यास त्याचे मान द्विगुण घ्यावे, हा शार्ङ्गधरोक्त संकेत येथे मार्गदर्शक ठरतो. प्रतिनिधी द्रव्य पाठात आधीच आहे म्हणून अष्टवर्गातील द्रव्ये नुसती गाळली, तर कल्क उणा पडतो आणि योगाचे जीवनीयत्वही क्षीण होते.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती अशी, की क्षीरकाकोलीची मागणी बाजारात नोंदवू नये. लागवडीचा खात्रीलायक माल वनस्पतिशास्त्रीय नावासह व अखंड कंदाच्या रूपात मिळाला, तरच तो घ्यावा. औषध नियम, 1945 मधील नियम 161 अन्वये वेष्टनावर घटकांची खरी यादी, वनस्पतिशास्त्रीय नाव व प्रमाण देणे बंधनकारक आहे. तेव्हा अश्वगंधा घातली असेल तर अश्वगंधाच लिहावी. वैद्यांनीही असे वेष्टन पाहून औषध कमअस्सल समजू नये. रुग्णाच्या पोटात काय गेले हे ज्या वैद्यास निश्चित ठाऊक असते, त्यालाच त्याच्या गुणाचे वा अवगुणाचे अनुमान करता येते. हिमालयातील तो कंद तेथेच फुलू द्यावा. आपल्या रुग्णांसाठी अश्वगंधेची सोय शास्त्राने आधीच करून ठेवली आहे.