आकडा बरा, रेष मात्र आडवी

भातलावणीचे दिवस होते. शिवथर खोऱ्यातल्या एका वाडीवर अंगणवाडीत मुलांची तपासणी सुरू होती. सेविकाताईंनी वही पुढे केली. नऊ महिन्यांच्या एका मुलीच्या नावापुढे चार महिन्यांची वजने होती : ७.३, ७.३, ७.४, ७.३ किलो. शेरा चारही वेळा एकच, ‘सामान्य’. मी पान उलटणारच होतो, तेवढ्यात ताईंनी तिचे गुलाबी वाढीचे कार्ड उघडले. चारही ठिपके हिरव्या पट्ट्यात होते, पण त्यांना जोडणारी रेष आडवी झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार मुलींचे मधले वजन सहाव्या महिन्यात ७.३ आणि नवव्या महिन्यात ८.२ किलो असते. म्हणजे या काळात साधारण ९०० ग्रॅम वाढ हवी. नवव्या महिन्यात वजन ६.५ किलोच्या खाली गेले, तरच वहीत ‘कमी वजन’ असा शेरा येतो. रेष मात्र त्याच्या कितीतरी आधी बोलते.

चौकशी केली. आई पहाटेच लावणीला जायची, बाळ आजीजवळ. वरचे अन्न म्हणजे पातळ पेज, त्यात दोनदा जुलाब झालेले. अंगावरच्या दुधासोबत घट्ट वरणभात, त्यावर चमचाभर तेल, नाचणीची खीर, अंडे असे दिवसातून तीनदा द्यायला सांगितले. जुलाब झाले तर क्षारसंजीवनी आणि १४ दिवस झिंक.

नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी असा तक्ता आईच्याच हाती दिला, तो याचसाठी. चढती रेष समजायला शाळा लागत नाही.

आमच्या मासिक अहवालांचेही तेच आहे. ‘सामान्य’ मुलांच्या टक्केवारीत ही मुलगी चांगल्यांतच मोजली गेली होती. आता मी बैठकीला वाडीनिहाय आलेख नेतो : सलग दोन महिने वजन न वाढलेली मुले किती? टक्केवारी ऐकून माना डोलतात. उंच खांब दिसला की कुणीतरी विचारते, ‘या वाडीत काय झालं?’

एका ठिपक्यावरून घाबरू नका; काटा शून्यावर नसेल, अंगावर जाड कपडे असतील. पण दोन महिने रेष आडवी राहिली किंवा एकदाही खाली वळली, तर दवाखान्यात या. आणि अंगणवाडीत नुसते ‘वजन किती?’ विचारू नका. ‘ताई, कार्ड दाखवा’ म्हणा.