आकाशाचा सातबारा

करावे गावातून खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर हिवाळ्यातल्या संध्याकाळी उभे राहिले की जवळच्या पाणथळीत रोहित पक्षी दिसतात आणि पलीकडे, उलव्याच्या बाजूला, उतरणारी विमाने. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशी गावे उठली. जमीन कोणाची, मोबदला किती, यावर आमच्या भागात वर्षानुवर्षे लढे झाले. कारण जमिनीला सातबारा असतो. मग तिच्यावरचे आकाश कोणाच्या नावावर आहे? तिथली वाहतूक कोण सांभाळते? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

मालकीचे उत्तर सोपे आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे पहिलेच कलम सांगते की, आपल्या प्रदेशावरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण सार्वभौमत्व असते. त्यामुळे विमानतळ खाजगी कंपनी चालवू शकते, आकाश नाही. मुंबईचा जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा, दोन्ही कंपन्या चालवतात. परंतु तिथल्या मनोऱ्यांत बसणारे नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे असतात. हे प्राधिकरण दोन जुन्या संस्थांचे विलीनीकरण होऊन १ एप्रिल १९९५ रोजी अस्तित्वात आले. नियम करणे व नियंत्रकांना परवाने देणे हे काम मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. सेवेचा खर्च विमान कंपन्यांकडून, विमानाचे वजन आणि कापलेले अंतर पाहून, शुल्करूपाने वसूल होतो.

या व्यवस्थेला अपवाद संरक्षण दलांचा. पुण्याला लोहगावात प्रवासी इमारत प्राधिकरणाची, पण विमानांचे नियंत्रण हवाई दलाचे. गोव्यात दाबोळीला उतरणाऱ्या विमानाशी नौदलाचा नियंत्रक बोलतो, तर त्याच गोव्यात मोपाला प्राधिकरणाचा.

प्रत्यक्ष काम चालते ते हस्तांतराने. भारताच्या अखत्यारीतले आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई अशा चार मुख्य क्षेत्रांत वाटलेले आहे. गुवाहाटीला उपक्षेत्र आहे. मुंबईहून नागपूरला निघालेले विमान जमिनीवर असताना एका नियंत्रकाचे ऐकते, धावपट्टीवर मनोऱ्यातल्या दुसऱ्याचे, वर चढताना तिसऱ्याचे आणि उंचावर पोचल्यावर क्षेत्र नियंत्रकाचे. प्रत्येक टप्प्यावर रेडिओची वारंवारिता बदलते. मिळालेली सूचना वैमानिकाने मोठ्याने परत म्हणून दाखवायची, हा दंडक. दोन विमानांत उभे अंतर साधारणपणे १,००० फूट. ते नसेल तर आडवे अंतर काही सागरी मैलांचे. या साऱ्या रचनेचे सूत्र एकच: कोणत्याही क्षणी विमान कोणा एकाच्या हवाली असले पाहिजे, दोघांच्या नव्हे, आणि कोणाच्याच नाही असे तर कधीच नव्हे.

समुद्रावर हे अधिक स्पष्ट होते. मुंबईचे क्षेत्र अरबी समुद्रावर मस्कत आणि मोगादिशूच्या क्षेत्रांना जाऊन भिडते. खोल समुद्रावरचे आकाश भारताच्या मालकीचे नाही. तिथे भारताकडे आहे ती केवळ जबाबदारी. किनाऱ्यावरचे रडार तिथवर पोचत नाही, म्हणून दूर पल्ल्याचा रेडिओ आणि उपग्रहामार्फत येणारे संदेश यांच्या आधारे विमाने दूर राखली जातात.

ही साखळी तुटली की काय होते, ते १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दिसले. दिल्लीहून वर चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फुटांची मर्यादा होती, खाली येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांची. कझाक विमान त्याखाली उतरले आणि धडक झाली. ३४९ माणसे गेली. नियंत्रकाने समोरून विमान येत असल्याचे बजावले होते. पण त्याच्या रडारवर विमानांची उंची दिसतच नव्हती. भोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखीव असल्याने येणारी-जाणारी विमाने एकाच पट्ट्यातून जात होती. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या आणि धडकेचा इशारा देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

आकाशाच्या वाटणीचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. देशाचे सुमारे ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येते, असे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मे २०२० मध्ये सांगितले होते. लष्कराला गरज नसेल त्या वेळी राखीव आकाश नागरी विमानांना खुले करणे, हा त्यावरचा उपाय. चारही क्षेत्रांचे काम एकत्र जोडून नागपुरातून चालवावे, अशी ‘ईशान’ नावाची योजनाही प्राधिकरणाने पुढे आणली आहे.

आता आमच्या डोक्यावरही अशीच वाटणी आहे. मुंबईचे दोन विमानतळ सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरवर; विमानाला ते अंतर तीन-चार मिनिटांचे. दोन्हींच्या वाटा एकमेकींच्या आड येऊ नयेत, हे पाहणारी माणसे आम्हांला कधी दिसणार नाहीत. त्यांच्याकडे पुरेशी माणसे आहेत का, त्यांना पुरेशी विश्रांती मिळते का, यंत्रे वेळेवर बदलली जातात का, हे विचारण्याचा हक्क मात्र आकाशाखाली राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. आमच्याकडच्या माणसांना जमिनीचे कागद वाचायला शिकावेच लागले. आकाशाचे कागदही आता वाचायला हवेत.